पुढच्या आसनासमोर वारंवार साचणारे पाणी: आम्ही कारण कसे शोधले

चालकाशेजारच्या आसनासमोरचे कार्पेट सतत ओले होते, पुसून वाळवले तरी चार-सहा दिवसांत त्यावर पाय ठेवताच पाणी वर येते, काचांवर आतून बाष्प धरते आणि दार उघडल्याबरोबर कोंदट वास येतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या घरी हा त्रास जवळजवळ पाच महिने चालला. त्या काळात गाडी दोनदा दुरुस्तीला गेली, दोन्ही वेळा काही ना काही काम झाले आणि दोन्ही वेळा पाणी परत आले. अखेर घरातल्या चौघांनी मिळून त्याचा माग काढला. या खटाटोपात आमच्या हातून सुरुवातीपासून एक चूक होत होती आणि तीच सर्वांत आधी सांगायला हवी: कार्पेटखालचा थर पूर्ण कोरडा केल्याशिवाय केलेल्या कोणत्याही तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही.

माझ्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. मागच्या आसनावर पाय दुमडून बसणे त्यांना जमत नाही, त्यामुळे गाडीतली पुढची जागा त्यांचीच. कार्पेट ओले राहू लागल्यापासून त्यांचे मोजे भिजत, पाय गार पडत, आणि काही आठवड्यांनी ते बाहेर पडायचेच टाळू लागले. "तुम्ही जाऊन या, मी घरी बरा आहे," असे ते म्हणत, पण खरे कारण आम्हाला ठाऊक होते. गाडी नीट सुरू होत होती, नीट चालत होती, म्हणून इतरांना हा बिघाड किरकोळ वाटे. आम्हाला तो तसा कधीच वाटला नाही.

पाणी दिसल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे ते कसले पाणी आहे हे पाहणे. पांढऱ्या कागदी रुमालाने कार्पेट दाबून टिपावे. रुमालावर हिरवी, गुलाबी किंवा नारिंगी छटा आली, बोटांना बुळबुळीत लागले, गोडसर वास आला किंवा समोरच्या काचेवर आतून तेलकट थर जमत असेल, तर ते साधे पाणी नसून इंजिनाचे कूलंट आहे आणि डॅशबोर्डमागची हीटरची कॉइल किंवा तिचा एखादा जोड गळतो आहे असे समजावे. अशा वेळी इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतील पातळी पाहावी आणि गाडी लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावी. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते; ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना त्याचा धोका अधिक. शिवाय त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश सेल्सिअस असल्याने पाणी उडून गेले तरी ते कार्पेटात मागे राहते. आमच्या रुमालावर रंग नव्हता, वासही फक्त कुबट ओलीचा होता आणि टाकीतील पातळी जागच्या जागी होती. म्हणजे पाणी स्वच्छ होते. स्वच्छ पाणी गाडीत शिरते ते मुख्यतः दोन वाटांनी: एसीतून किंवा पावसातून.

एसीचे पाणी म्हणजे बिघाड नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतूच हवेतील दमटपणा आटोक्यात ठेवण्याचा होता, कारण दमटपणाने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. गाडीतला एसीही हवा थंड करताना तिच्यातली वाफ काढून घेतो. ३० अंश तापमानाची पूर्ण संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, तर ५ अंशांची हवा जेमतेम ७ ग्रॅम. डॅशबोर्डमागच्या थंडगार कूलिंग कॉइलवरून दमट हवा गेली की हा फरक पाण्याच्या थेंबांच्या रूपाने कॉइलच्या पात्यांवर उतरतो, खालच्या तबकात गोळा होतो आणि तेथून एका रबरी नळीने गाडीच्या खाली जमिनीवर ठिबकतो. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसते ते हेच. काळजी करायची ती दमट दिवशी असे पाणी खाली दिसले नाही तर, कारण मग ते दुसरीकडे कुठेतरी जात असते. नळी तुंबली की तबक भरते, आणि पाणी डॅशबोर्डच्या खालून थेट शेजारच्या माणसाच्या पायाशी उतरते. वळण घेताना किंवा ब्रेक लावताना डॅशबोर्डमागे पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल, तर तबक भरल्याची ती जवळजवळ पक्की खूण असते.

आमच्या पहिल्या कारागिराने हेच ओळखले होते. त्याने नळीत हवा मारली, बरेच गढूळ पाणी बाहेर आले आणि आम्ही समाधानाने परतलो. चौथ्या दिवशी कार्पेट पुन्हा ओले होते, म्हणून त्याचे निदान चुकले असे आम्ही ठरवून टाकले. दुसऱ्या ठिकाणी समोरच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरण्यात आले, मात्र पाणी तेथून येते आहे हे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. पाण्याची वाट प्रत्यक्ष दिसेपर्यंत कोणतीही फट बुजवू नये, हे त्या कामातून आम्हाला कळले; फट बुजवली की खरी वाट शोधणे आणखी अवघड होते, एवढाच त्याचा परिणाम.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. वहीची कल्पना माझ्या यजमानांची, पण ती निष्ठेने चालवली आमच्या तेरा वर्षांच्या मुलीने. तारीख, पाऊस पडला की नाही, गाडी उघड्यावर होती की छताखाली, एसी किती वेळ लावला आणि संध्याकाळी कार्पेट कसे होते, एवढ्याच नोंदी असत. दोन आठवड्यांनी वही वाचायला बसलो तेव्हा हिशेबच जुळेना. पाऊस नसताना एसी लावला त्या दिवशी कार्पेट ओले, एसी बंद असताना पाऊस पडला त्या दिवशीही ओले. इतपत ठीक होते. परंतु चार दिवस असे होते की पाऊस नव्हता, एसीही लावला नव्हता, आणि तरीही मुलीने "ओले" असेच लिहिले होते. तिने घाईत काहीतरी लिहिले असेल असे मला वाटले आणि मी तसे बोलूनही गेले. तेव्हा ती म्हणाली, "आई, ओलंच होतं, मी हात लावून बघितलंय. पण ते पाणी त्याच दिवशीचं होतं कशावरून?"

सगळा प्रश्न या एका वाक्याने उलटला. आम्ही प्रत्येक संध्याकाळी कार्पेटचा वरचा पोत तपासत होतो आणि सापडलेले पाणी त्या दिवसाच्या खात्यावर लिहीत होतो. त्याच शनिवारी आम्ही कार्पेट उचलले. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सरळ वर ओढली की बहुतेक गाड्यांत ती सुटते आणि कार्पेटची कड मोकळी होते. कार्पेटच्या खाली जवळजवळ तीन बोटे जाडीचा स्पंजसारखा फोमचा थर निघाला, आणि तो काठोकाठ पाण्याने भरलेला होता. जुने टॉवेल दाबून दाबून आम्ही ते पाणी बादलीत पिळले तेव्हा अर्धी बादली भरली. हा थर आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी असतो. वरून कार्पेट आणि खालून पत्रा असल्यामुळे त्यातले पाणी आठवडेच्या आठवडे वाळत नाही. गाडी वेग घेते तेव्हा ते मागे सरकते, ब्रेक लागला की पुढे येते, पाय पडला की वर उमटते. म्हणून कार्पेट जेथे ओले दिसते तेथूनच पाणी शिरले असे धरून चालणे धोक्याचे आहे, आणि दुरुस्ती योग्य झाली तरी जुनेच पाणी वर येऊन ती फसल्याचे भासवते. पहिल्या कारागिराला आम्ही किती घाईने दोषी ठरवले, हे त्या बादलीकडे पाहताना मला फार जाणवले.

कार्पेट उचलताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. आसनाखालून एअरबॅगच्या व सीटबेल्टच्या तारा जातात आणि त्यांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावू नये, आणि आसन काढणे भाग असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची जोडणी सोडून, सांगितलेला वेळ थांबून मगच काढावे, अन्यथा हे काम कारागिरावर सोपवावे. हायब्रिड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. काही गाड्यांत कार्पेटखालीच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवलेले असतात. पाणी तेथवर पोहोचले की दिवे, काचा, कुलपे यांचे असंबद्ध वाटणारे बिघाड सुरू होतात. ओल हा केवळ वासाचा आणि गारठ्याचा प्रश्न नाही, तो पत्र्याला गंज चढवण्याचा आणि तारा खराब करण्याचाही प्रश्न आहे.

फोम पूर्ण वाळायला पाच दिवस लागले. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून हवा खेळती ठेवली, दिवसा दारे उघडी ठेवून ऊन दिले, रात्री पंखा लावला. या पाच दिवसांत गाडी छताखाली होती आणि एसी पूर्ण बंद होता. येथे घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वरून हात लावून वाळल्यासारखे वाटले तरी कोरडा कागदी रुमाल फोमखाली सरकवून अर्धा तास ठेवावा, आणि तो कोरडाच्या कोरडा निघाला तरच पुढे जावे.

मग आम्ही दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासल्या. आधी एसी. पाऊस नसलेल्या दमट दिवशी गाडी मोकळ्या जागेत उभी केली, कारण बंद जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला रंग नाही की वास नाही. उघड्या पत्र्यावर कोरडे कागद पसरले आणि बाहेरची हवा आत घेण्याच्या सेटिंगवर पूर्ण वेगाने एसी लावला. बाहेरची हवा मुद्दाम घेतली, म्हणजे दमटपणा सतत येत राहतो आणि पाणी भरपूर निघते. गाडीखाली काही थेंब पडले, मग थेंब थांबले, आणि विसाव्या मिनिटाला डॅशबोर्डच्या मधल्या भागाखालचा कागद भिजू लागला. म्हणजे पहिल्या कारागिराचे निदान बरोबर होते, नळी पुन्हा तुंबली होती.

आमच्या गाडीत ही नळी पुढच्या चाकामागून वाकून पाहिले की दिसते. हात पोहोचत नसेल तर केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गाडी पक्क्या स्टँडवर टेकलेली, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना अटकाव लावलेला हवा, आणि सायलेन्सर थंड झालेला हवा. नळी मोकळी करताना जोराची हवा आत मारणे आम्ही मुद्दाम टाळले. त्याने कचरा पुन्हा तबकात ढकलला जातो, पाणी ब्लोअरच्या मोटरकडे उडू शकते आणि नळी आतल्या टोकाला निसटण्याचीही भीती असते. कडक तारही घालू नये, कारण कूलिंग कॉइलची पाती नाजूक असतात. आम्ही पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर नळीच्या तोंडाशी धरला आणि फट राहू नये म्हणून भोवती ओला फडका गुंडाळला. पहिल्यांदा केवळ पाणी आले, मग काळपट बुळबुळीत गोळा आला, आणि त्याच्यामागून वाळक्या पानांचा चुरा निघाला. लगेच भांडे खाली ठेवून एसी पुन्हा लावला, तर अर्ध्या तासात त्यात सुमारे ४०० मिलिलिटर पाणी जमा झाले आणि आतले कागद कोरडे राहिले.

पण पानांचा चुरा तेथे पोहोचला कसा? हा प्रश्न सोडून दिला असता तर नळी वर्षभरात तिसऱ्यांदा तुंबली असती. उत्तर डॅशबोर्डच्या खणामागे मिळाले. एसीचा फिल्टर बदलताना त्याची चौकट एका बाजूने खाचेत बसलीच नव्हती, आणि बोटभर फटीतून वायपरखालच्या जाळीतला कचरा थेट कॉइलवर पडत होता. फिल्टर नवीन घातला, तो चारही बाजूंनी खाचेत बसल्याची खात्री केली, आणि समोरच्या काचेखालच्या पन्हाळीत साठलेली पाने हाताने काढली. पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पाणी जाण्याची भोके असतात. ती बंद झाली तर पावसाचे पाणी चढून हवेच्या वाटेने आत उतरते आणि मग फिल्टर ओला सापडतो. आमचा फिल्टर कोरडा होता, म्हणून ती शंका लगेच मिटली. छतावर उघडणारी काच असलेल्या गाडीत तिच्या कोपऱ्यांतून खांबांमध्ये उतरणाऱ्या नळ्याही पाहाव्यात. आमच्या गाडीला ती नाही.

दुसरी तपासणी पावसाची. एसी बंद, कागद नवे, आणि बागेची साधी नळी अगदी मंद धारेवर. दाबाचे पाणी मारले तर जेथे पाऊस कधीच शिरणार नाही तेथेही ते शिरते आणि दिशाभूल करते. सुरुवात खालून करावी आणि एकेका भागावर दहा मिनिटे पाणी सोडून मगच वर सरकावे, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून वाहतो आणि नेमकी जागा कळत नाही. आत टॉर्च घेऊन कोणीतरी बसायला हवे होते. ते काम सासऱ्यांनी आपणहून मागून घेतले. चालकाच्या जागेवरून, पाय मोकळे सोडून, शेजारच्या दारावर ते नजर ठेवून होते. उंबरा झाला, दाराचा खालचा भाग झाला, आरशाभोवतीची जागा झाली, सर्व कोरडे. दाराच्या काचेवर पाणी सोडल्यावर सहा-सात मिनिटांनी आतून हाक आली, "थांबा, थांबा! इथून येतंय, दाराच्या पॅडखालून!"

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दाराच्या काचेच्या बाहेरच्या रबरी बीडिंगमधून थोडे पाणी दाराच्या पोकळीत जाणारच, अशीच रचना असते. ते आतून वाहत जाऊन दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते. पोकळी आणि आतले पॅड यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा पडदा चिकट काळ्या ब्यूटिल रबराने लावलेला असतो, आणि पाणी पॅडच्या बाजूला येऊ न देण्याचे काम तोच करतो. आम्ही काही काळापूर्वी दारातील स्पीकर बदलून घेतला होता. त्या वेळी पडदा सोडवला गेला आणि परत लावताना खालची वीतभर कड न चिकटवता तशीच राहिली. त्या कडेवरून ओघळ पॅडच्या मागे उतरे आणि उंबरा ओलांडून कार्पेटखाली जाई. पाणी फोमच्या खालच्या अंगाने शिरत असल्यामुळे वरून ते कधी दिसलेच नव्हते.

दुरुस्ती तासाभराची होती. पॅडचे स्क्रू आणि क्लिपा काढल्या, पडद्याची कड आणि पत्रा पुसून कोरडा केला, जुने मळलेले रबर खरवडले आणि नव्या ब्यूटिल पट्टीने कड नीट दाबून बसवली. तळाची भोके लाकडी काडीने मोकळी केली, कारण ती बंद असतील तर पडदा कितीही चांगला असला तरी पाणी आत चढत राहते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला गंजवते, शिवाय पुढे कधी पडदा उघडायची वेळ आली तर तो फाटतो. ब्यूटिल चिकट आणि लवचीक राहते, आणि गरजेप्रमाणे सोडवून पुन्हा लावताही येते. स्पीकर, काच वर-खाली करणारी यंत्रणा किंवा दाराचे कुलूप यांपैकी काहीही दुरुस्त करून घेतले असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी या पडद्याची चौकशी आवर्जून करावी.

त्यानंतरही आम्ही कार्पेट लगेच बसवले नाही. एक आठवडा ते उचललेलेच ठेवले, पत्र्यावर चार ठिकाणी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वही चालू ठेवली. त्या आठवड्यात दोनदा जोराचा पाऊस झाला, एकदा तर गाडी रात्रभर उघड्यावर होती, आणि एसी रोज लागला. सातही दिवस मुलीने चारही पट्ट्यांपुढे "कोरडी" असे लिहिले. आठव्या दिवशी कार्पेट बसवले, पण उंबऱ्याच्या पट्टीखाली एक कागद ठेवून दिला आहे आणि महिन्यातून एकदा तो ओढून पाहतो.

सासरे पुढच्या रविवारी स्वतःच गाडीत जाऊन बसले, बूट काढले, मोज्यांचे पाय कार्पेटवर टेकवले आणि मुलीला म्हणाले, "वहीत लिही, आजोबांनी तपासलं." तिने तारखेपुढे तसे लिहिले आहे.